फवारणीआधी मोजणी : वऱ्हाडातील कपाशी, कीड आणि कीटकनाशके



गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात वर्गात कीड नियंत्रणाचा विषय सुरू होता. मी सहज विचारलं, "तुमच्या घरी पऱ्हाटीवर फवारणी करताना औषध कसं मोजतात?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "झाकनानं, सर. एका पंपाले दोन झाकनं." मी विचारलं, "झाकण किती मिलिलिटरचं?" वर्ग शांत झाला. मग एक जण म्हणाला, "झाकन म्हंजे झाकन, सर. अळी जास्त असली तं तीन टाकतेत."

दुसऱ्या दिवशी मी घरून तीन स्वच्छ झाकणं आणली. एक पाण्याच्या बाटलीचं, एक खोकल्याच्या औषधाचं आणि एक तेलाच्या डब्याचं. प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने मुलांनी प्रत्येक झाकणात मावणारं पाणी मोजलं. सगळ्यात मोठ्या झाकणात सगळ्यात लहान झाकणाच्या जवळपास तिप्पट पाणी मावलं. म्हणजे "दोन झाकणं" हे मापच नव्हे. तो अंदाज आहे, आणि विषाच्या बाबतीत अंदाज महागात पडतो.

किती महागात पडतो, हे आपल्या भागाने २०१७ मध्ये पाहिलं आहे. त्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतही विषबाधेच्या घटना घडल्या. सरकारने अमरावती विभागाच्या आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. पुढे पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात काही काळ बंदीही घालण्यात आली.

म्हणून आजचा पाठ नुसता परीक्षेसाठी नाही. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे हाच पाठ धानावर शिकवता आला असता. आपल्या अकोला-अमरावतीकडे पऱ्हाटी आहे, म्हणून आपण तो पऱ्हाटीवर शिकू. पाठात चार प्रश्न आहेत : फवारायचं का? कधी? किती? आणि कसं?

प्रश्न पहिला : फवारायचं का?

शेतात दिसणारा प्रत्येक किडा म्हणजे कीड नाही. हे वाक्य वहीत लिहून घ्या.

कपाशीवरच्या किडींचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

१) रस शोषणाऱ्या किडी : मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी. पीक लहान असतानाच या येतात. पानाच्या मागच्या बाजूला बसून रस शोषतात. तुडतुड्यांमुळे पानांच्या कडा पिवळ्या, मग लालसर होऊन आत वळतात. मावा आणि पांढरी माशी चिकट पदार्थ सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते.

२) बोंडअळ्या : हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, ठिपक्याची बोंडअळी आणि गुलाबी बोंडअळी. या पात्या, फुलं आणि बोंडं खातात. आज आपल्याकडे सर्वांत जास्त डोकेदुखी आहे ती गुलाबी बोंडअळीची.

याच झाडावर आपले मित्रही असतात. ढालकिडा आणि त्याच्या अळ्या मावा खातात. क्रायसोपाची अळी मावा, तुडतुडे आणि लहान अळ्या फस्त करते. ट्रायकोग्रामा नावाची अगदी बारीक गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात स्वतःची अंडी घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. कोळी तर दिवसभर जाळं विणून बसलेला असतोच.

कीटकनाशकाला मित्र आणि शत्रू यांतला फरक सहसा कळत नाही. पीक लहान असताना घाईने कडक औषध फवारलं की आधी मित्रकीटक मरतात. किडी लवकर वाढतात, मित्रकीटक सावकाश वाढतात. मग पंधरा दिवसांनी कीड परत येते, ती पहिल्यापेक्षा जास्त, कारण तिला खाणारं कोणी उरलेलं नसतं. याला शास्त्रात किडीचा पुनरुद्रेक म्हणतात.

याचं जगातलं गाजलेलं उदाहरण धानाचंच आहे. इंडोनेशियात धानावर तपकिरी तुडतुड्यांचा वारंवार उद्रेक होत होता. जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडेही वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर शत्रूकीटक औषधाने मरत होते. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने धानावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतात उतरून कीड मोजायला शिकवण्याची मोहीम हाती घेतली. आपल्याकडे कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं लवकर आणि वारंवार मारली की पांढरी माशी वाढते, तो हाच प्रकार.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : किडा दिसला म्हणून फवारायचं नाही. तो कोण आहे आणि किती आहेत, हे आधी पाहायचं.

प्रश्न दुसरा : कधी?

इथे एक संकल्पना समजून घ्यावी लागेल : आर्थिक नुकसानीची पातळी.

समजा, एका फवारणीला औषध, मजुरी आणि पाणी धरून काही रुपये खर्च येतो. किडीने होणारं नुकसान त्याहून कमी असेल, तर फवारणी करणं म्हणजे आठ आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नुकसान खर्चाच्या वर जायला लागणार, असं ज्या संख्येला दिसतं, ती संख्या म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी. कपाशीसाठी कृषी विभाग आणि विद्यापीठं सांगतात त्या पातळ्या साधारण अशा आहेत :

- मावा : सरासरी १० प्रति पान
- तुडतुडे : २ प्रति पान
- फुलकिडे : १० प्रति पान
- पांढरी माशी : ८ ते १० प्रति पान
- गुलाबी बोंडअळी : कामगंध सापळ्यात सलग ३ दिवस, दररोज प्रत्येक सापळ्यात ८ पतंग; किंवा फुलांचा अथवा हिरव्या बोंडांचा १० टक्के प्रादुर्भाव

आता मोजायचं कसं ते बघा.

रस शोषणाऱ्या किडींसाठी : वावरात तिरपं चालत जाऊन वेगवेगळ्या ठिकाणची २० झाडं निवडा. धुऱ्यालगतची झाडं घेऊ नका. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं हळूच उलटी करून किडी मोजा. एकूण पानं ६० झाली. समजा, त्यावर ८४ तुडतुडे मिळाले. ८४ ÷ ६० = १.४. पातळी २ आहे, म्हणजे आज फवारणी नको. आठवड्याने परत मोजा. समजा तेव्हा १३२ मिळाले. १३२ ÷ ६० = २.२. आता उपाय करायची वेळ आली.

गुलाबी बोंडअळीसाठी : एकरातून २० वेगवेगळ्या झाडांची प्रत्येकी एक, अशी २० हिरवी बोंडं तोडा आणि भुईमुगाची शेंग टिचवावी तशी उकलून पाहा. दोन बोंडांत अळी सापडली की १० टक्के झाले.

बोंड फोडायचं कशाला? वरून बघितलं तर चालणार नाही का? चालणार नाही, आणि या अळीचं सगळं गुपित तिथंच आहे.

गुलाबी बोंडअळीचं गुपित

या किडीचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झालं. म्हणजे ही काही कालपरवा आलेली पाहुणी नाही.

मादी पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांनी अंड्यातून अळी निघते. सुरुवातीला ती पांढुरकी असते, मोठी झाल्यावर गुलाबी होते. निघाल्यावर काही तासांतच ती फुलात किंवा बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. त्याला आपण डोमकळी म्हणतो. बोंडात शिरली तर आत बसून सरकी खाते आणि रुईला डाग पाडते. बाहेरून बोंड हिरवंगार, चांगलं दिसतं.

आता विचार करा : अळी बोंडाच्या आत आणि फवारा बोंडाच्या बाहेर. मग औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं? वेळ गेल्यावर कितीही कडक औषध मारलं तरी आतली अळी सुरक्षित राहते. पैसा जातो, मित्रकीटक मरतात, फवारणाऱ्याच्या अंगावर विष पडतं आणि कवडी व्हायची ती होतेच. फवारणी उपयोगी पडते ती अंडी आणि नुकतीच निघालेली अळी असताना, म्हणजे अवघ्या काही दिवसांच्या काळात. तो काळ ओळखायला कामगंध सापळे लागतात.

कामगंध सापळ्यात मादी पतंगाच्या वासासारखा वास असलेली गोळी असते. त्या वासाने नर पतंग येतात आणि अडकतात. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी एकरी दोन सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजायचे. हे काम शाळेत येण्याआधी पाच मिनिटांत होतं. म्हणून मी नेहमी सांगतो, हे काम विद्यार्थ्यांचंच आहे.

बीटी असूनही अळी का आली?

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकं असलेलं बोलगार्ड-२ आलं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक कपाशीत टाकल्यामुळे झाडच अळीला मारक प्रथिन तयार करतं. पहिली काही वर्षं बोंडअळ्यांवरची फवारणी खूप कमी झाली. शेतकरी खूश होते.

पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते, जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते. तिची पिल्लं जगतात. हाच डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला! हे लांबवण्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं पाकीट यायचं. ते वावराच्या कडेने लावायचं असे. तिथे साध्या अळ्या वाढाव्यात आणि प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होत राहावा, हा हेतू. बहुतेकांनी ते पाकीट लावलंच नाही. फेकून दिलं.

त्यात आपण फरदड घेत राहिलो. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून, पाणी देऊन दोन वेचे जास्त काढायचे, याला फरदड म्हणतात. त्यामुळे अळीला बारा महिने जेवण मिळालं. परिणाम असा की बोलगार्ड-२ लाही गुलाबी बोंडअळी दाद देईना. २०१७ मध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात तिने प्रचंड नुकसान केलं. म्हणजे एकाच वर्षी अळीने पीक नेलं आणि औषधाने माणसं नेली.

फवारणीआधी करायचे उपाय

कीटकनाशक हा उपायांच्या रांगेतला शेवटचा उपाय. त्याच्या आधीची रांग अशी :

१) डिसेंबरअखेर ते जानेवारीत पऱ्हाटी काढून टाका. फरदड नको. पळाट्यांचे ढीग धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत ठेवू नका, त्यात अळ्या आणि कोष दडून राहतात.
२) उन्हाळ्यात खोल नांगरटी करा. कोष उन्हाने आणि पक्ष्यांमुळे नष्ट होतात.
३) मान्सूनपूर्व लागवड टाळा. कमी कालावधीचं वाण निवडा.
४) नत्रयुक्त खत बेताने द्या. युरिया जास्त झाला की झाड लुसलुशीत होतं आणि रस शोषणाऱ्या किडी वाढतात.
५) डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा.
६) पक्षी बसायला मचाणं किंवा थांबे लावा.
७) ट्रायकोकार्ड मिळत असतील तर लावा. मात्र, त्यानंतर लगेच रासायनिक फवारणी करू नका.
८) ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

निंबोळी अर्क घरी करता येतो. उन्हाळ्यात वेचलेल्या, वाळवलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड साधारण ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळून घ्या. २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात मिसळा. मग एकूण १०० लिटर होईपर्यंत पाणी टाका. झाला ५ टक्के अर्क. तो त्याच दिवशी वापरायचा.

प्रश्न तिसरा : किती?

आता समजा, मोजणी केली, पातळी ओलांडली आणि फवारणी करायची ठरली. डबा हातात घेतल्यावर आधी त्यावरचा रंग बघायचा. प्रत्येक डब्यावर चौकटीचं चिन्ह असतं आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो :

- लाल : अतितीव्र विषारी (कवटी आणि हाडांचं चित्र)
- पिवळा : तीव्र विषारी
- निळा : मध्यम विषारी
- हिरवा : कमी विषारी

कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे, बरं का! हे रंग १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनुसार आले. त्या कायद्यामागेही एक दुःखद घटना आहे. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नाला लागलं आणि शंभरावर माणसं मेली. त्यानंतर या विषांची नोंदणी, विक्री आणि लेबल यांना नियम असावेत, असा विचार सुरू झाला.

आपण बोलताना याला "औषध" म्हणतो. शब्द गोड आहे, म्हणून धाक वाटत नाही. डब्यावर मात्र कवटी असते. पऱ्हाटीचं ते औषध असेल, आपल्यासाठी ते विषच.

आता गणित. (इथले आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. खरं प्रमाण त्या त्या डब्यावर आणि माहितीपत्रकावर बघायचं.)

समजा, लेबलवर एकरी ४०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी लिहिलं आहे. पाठीवरचा पंप १५ लिटरचा आहे.
एकरी पंप = २०० ÷ १५ = साधारण १३.३
एका पंपाला औषध = १५ × (४०० ÷ २००) = ३० मिली

आता झाकणाचा हिशोब. झाकण २५ मिलीचं निघालं, तर दोन झाकणं म्हणजे ५० मिली. एकरी झालं जवळपास ६६७ मिली. लेबलपेक्षा दीडपटीहून जास्त! पैसेही तितकेच जास्त आणि विषही.

अजून एक बारकावा. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचे थेंब बारीक असतात, त्यामुळे पाणी कमी लागतं. समजा, त्याने एकराला १२ लिटरच्या ५ टाक्या, म्हणजे ६० लिटर पाणी लागलं. एकरी औषध तेवढंच, ४०० मिली. मग एका टाकीला ८० मिली. पाठीवरच्या पंपात एका लिटरला २ मिली औषध होतं, इथे ते साधारण ६.७ मिली झालं. एकरी औषध वाढलं नाही, पण द्रावण तिपटीहून जास्त दाट झालं. फवारणाऱ्याच्या अंगावर पडणारा प्रत्येक थेंब तितकाच जहाल. म्हणून या पंपाने फवारताना दुप्पट काळजी हवी.

आणि मिश्रण? दुकानातून दोन-तीन औषधं, टॉनिक, विद्राव्य खत असं सगळं आणून एकाच टाकीत ओततात. असं मिश्रण घरच्या मनाने करायचं नाही. एकत्र आल्यावर ती काय करतील, पिकाला भाजतील का, माणसाला जास्त बाधतील का, हे आपल्याला माहीत नसतं.

एकच औषध पुन्हा पुन्हा वापरलं तर काय होतं, हे बीटीच्या उदाहरणावरून कळलंच असेल. म्हणून गट बदलायचा. प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस हा एक गट (ऑर्गॅनोफॉस्फेट); सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट हा दुसरा (पायरेथ्रॉइड); इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम हा तिसरा (निओनिकोटिनॉइड). नाव बदललं पण गट तोच राहिला, तर बदल झालाच नाही. बीटी बियाण्याला बहुधा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया केलेली असते. तेव्हा पहिल्याच फवारणीला पुन्हा त्याच गटातलं औषध नको.

प्रश्न चौथा : कसं?

आधी विष शरीरात काय करतं ते समजून घेऊ. आपल्या मज्जातंतूंतून संदेश पुढे जातो तेव्हा ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन स्रवतं. काम झालं की एक विकर ते मोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं विष त्या विकरालाच बंद पाडतं. मग संदेश थांबतच नाही. दिव्याचं बटण दाबलं आणि ते अडकून बसलं, तसं. किड्याचे स्नायू आखडतात आणि तो मरतो. माणसाच्या शरीरातही हेच विकर आहे! म्हणून विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, उलट्या होतात, अंग थरथरतं, श्वास अडतो.

हे विष पोटातूनच जातं असं नाही. ते श्वासातून जातं आणि कातडीतूनही जातं. २०१७ मध्ये हेच घडलं. त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या छातीपर्यंत, काही ठिकाणी त्याहून उंच वाढली होती. उकाडा होता. जास्त दाबाचे पंप होते. अनेक औषधांची मिश्रणं होती. अंगात साधा शर्ट, पायात काही नाही. फवारा पिकावर आणि पिकावरून तोंडावर. घामाने भिजलेल्या कपड्यांतून विष दिवसभर कातडीत मुरत राहिलं.

त्यातला पंप पाठीवर घेणारा माणूस बहुतेक वेळा वावराचा मालक नसतो. तो रोजाने किंवा पंपाच्या हिशोबाने आलेला मजूर असतो. औषध कोणतं, किती, कितीदा, हे ठरवतो दुसरा आणि ते अंगावर घेतो तिसरा. म्हणून वर सांगितलेली मोजणी ही नुसती काटकसर नाही. एक अनावश्यक फवारणी टळली, तर एका माणसाचा एक दिवस विषाविना जातो.

फवारणी करताना पाळायचे नियम :

१) अठरा वर्षांखालच्या कोणीही फवारणी करायची नाही, पंप भरायचा नाही, डबेही धुवायचे नाहीत. म्हणजे तुम्ही कोणीच नाही! गर्भवती आणि बाळाला पाजणाऱ्या बायांनीही नाही.
२) पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा, टोपी, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क वापरायचे. दुपट्टा तोंडाला बांधला म्हणजे मास्क झाला असं नाही. ओला दुपट्टा विष नाकाशी धरून ठेवतो.
३) फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वारा शांत असताना. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचं नाही. भर दुपारी नको.
४) द्रावण काडीने ढवळायचं, हाताने नाही. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही.
५) फवारणी चालू असताना खर्रा, बिडी, चहा, भाकर काहीच नाही. विषाचा हात आणि त्याच हाताने खर्रा, हे आपल्याकडे फार चालतं. ते थांबलं पाहिजे.
६) काम झाल्यावर साबणाने आंघोळ करायची. कपडे वेगळे धुवायचे, घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत.
७) रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाकायचं. डब्याला भोक पाडून निकामी करायचा. त्यात तेल, पाणी, धान्य कधीच भरायचं नाही.
८) एकाच माणसाने रोज सलग फवारणी करायची नाही.

विषबाधा झालीच तर :

काम ताबडतोब थांबवा. माणसाला वावराबाहेर मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मनाने उलटी करवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि सर्वांत महत्त्वाचं : औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. कारण सगळ्या विषांना एकच उतारा नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिन देतात. डायफेन्थियुरॉनसारखं औषध शरीरात वेगळ्याच जागी काम करतं, त्याला तो उतारा लागू पडत नाही. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना कळलं, तर वेळ वाचतो.

सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे. अकोल्याला तर आपल्या हाकेच्या अंतरावर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. २० ऑक्टोबर १९६९ ला ते स्थापन झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे आणि देशाचे कृषिमंत्री होते. शेतकऱ्याच्या पोराने शिकावं आणि शिकलेलं शेतात यावं, यासाठी ते आयुष्यभर झटले.

शेवटी

ज्या मुलाने "एका पंपाले दोन झाकनं" सांगितलं होतं, त्याला मी मुद्दाम मोजणीचं काम दिलं. पहिल्या आठवड्यात त्याने वडिलांसोबत वीस बोंडं फोडली. एकात अळी निघाली. फवारणी थांबली. पुढच्या आठवड्यात तीन बोंडांत अळी निघाली. फवारणी झाली. तो जरा हिरमुसून म्हणाला, "सर, शेवटी फवारावंच लागलं."

मी त्याला म्हटलं, "अरे, फवारू नका असं मी कुठं म्हटलं? मोजून फवारा, एवढंच म्हटलं." मग विचारलं, "या वेळी औषध कशानं मोजलं?"

"मोजमापाचं ग्लास आनलं बाबांनी. अन् हातमोजे पन," तो म्हणाला.

मला वाटतं, पाठ त्या दिवशी पूर्ण झाला.

स्वाध्याय

१) ६० पानांवर ९६ तुडतुडे आढळले. फवारणी करावी का? कारण लिहा.
२) गुलाबी बोंडअळीवर उशिरा केलेली फवारणी का वाया जाते?
३) लेबलवर एकरी ३०० मिली औषध आणि २०० लिटर पाणी दिलं आहे. १६ लिटरच्या पंपाला किती मिली औषध लागेल?
४) फरदड घेतल्याने गुलाबी बोंडअळी का वाढते?
५) उपक्रम : घरी सांगून एका वावरात दर रविवारी २० झाडांची मोजणी करा. फवारणी झालेल्या वावरात लगेच जाऊ नका. चार आठवड्यांचा तक्ता करून वर्गात आणा. तक्त्यात मित्रकीटकांसाठीही एक रकाना ठेवा.